महाकवि दान्ते

इटली देशांतील फ्लॉरेन्स नगरींत इ. स. १२६५ मध्यें दान्ते आलिगिएरी ह्याचा जन्म झाला. बाळपणीं पाहिलेल्या बिआट्रिस नांवाच्या मुलीविषयीं त्याच्या मनांत अत्यंत निर्मळ प्रेम होतें. ती १२९० सालीं निवर्तली. परंतु तिची मूर्ति त्याच्या अंतःकरणांतून कधींहि ढळली नाहीं.

पुढें १३०० सालीं तो नगरीच्या सहा मुख्य अधिकाऱ्यांपैकीं एक झाला. तेव्हां तेथें दोन पक्ष एकमेकांच्या जिवावर उठले होते. शांततेसाठीं दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांस नगरीबाहेर घालविण्यांत आलें. त्यांत दान्तेचा जिवलग मित्र ग्वीदो काव्हाल्कान्ती हाहि होता; तरी दान्ते कर्तव्यापासून ढळला नाहीं. १३०२ सालीं विरुद्ध पक्षाच्या हातीं सत्ता येतांच त्याच्यावर लांचलुचपतीचा आरोप ठेवून त्यास हद्दपार करण्यांत आलें, व सांपडल्यास जिवंत जाळावें असा हुकूम सुटला.

ह्या वनवासांत त्यानें आपलें अमर काव्य रचिलें. विद्वानांच्या लॅटिन भाषेंत न लिहितां तें त्यानें लोकांच्या भाषेंत लिहिलें. त्याचे नरक, पापक्षालनाचा पर्वत व स्वर्ग असे तीन भाग असून सर्ग शंभर आहेत. पहिल्या दोन भागांत कवि व्हर्जिल, म्हणजे मनुष्याची विवेकबुद्धि, वाट दाखवितो. स्वर्गाची वाट मात्र बिआट्रिस, म्हणजे ईश्वरी ज्ञान, दाखविते.

ह्या काव्यांतील शिक्षा बाहेरून लादलेल्या नाहींत. पापच आपलें खरें रूप तेथें प्रकट करितें. भविष्य पाहण्याचा आव आणणाऱ्यांचीं मुखें पाठीकडे वळलेलीं असतात. ज्यांनीं जन्मभर सत्याचा किंवा असत्याचा कोणताच पक्ष धरिला नाहीं, ते नरकाच्या दाराशींच एका निशाणामागें अखंड धांवतात. सर्वांत खालीं अग्नि नसून बर्फ आहे. कारण विश्वासघातक्याच्या हृदयांत प्रेमाची ऊब उरलेली नसते.

दान्तेनें पोपांसहि नरकांत दाखविलें. परंतु स्वतःस वगळलें नाहीं. पर्वतावर गर्विष्ठ लोक पाठीवर शिळा घेऊन वांकून चालतात. आपणांस ह्याच शिक्षेचें अधिक भय वाटतें, अशी कबुली तो देतो.

१३१५ सालीं दंड भरून देवळांत जाहीर प्रायश्चित्त घेतल्यास परत येण्याची सवलत त्यास देऊं करण्यांत आली. न केलेला अपराध कबूल करून घरीं जाणें त्यानें नाकारिलें. तेव्हां त्याच्यासह त्याच्या पुत्रांसहि देहांताची शिक्षा फर्माविण्यांत आली. पुन्हा जन्मभूमीचें दर्शन न होतां १३२१ सालच्या सप्टेंबरांत रावेन्ना येथें त्याचा अंत झाला. फ्लॉरेन्सनें पुढें त्याच्यासाठीं भव्य समाधि बांधिली. ती रिकामीच आहे. नगरसभेनें ती जुनी शिक्षा रद्द केली ती २००८ सालीं, म्हणजे सातशें वर्षांनंतर.

विद्यार्थिमित्रहो, आपलें प्रत्येक कृत्य आपणांस हळूहळू आपल्या रूपाचें बनवितें, हाच ह्या काव्याचा बोध होय. दुसऱ्याचे दोष तोलणाऱ्या हातानें आपलाहि दोष तोलावा, आणि घरची वाट असत्यांतून जात असेल तर ती सोडावी, हें दान्तेनें आचरून दाखविलें.