गणितात कच्चा असलेल्या चित्रकाराने बाथरूमच्या टाइल्समधली लय पक्ष्यांना दिली: कोण होते एम. सी. एशर?

पांढरे पक्षी एका दिशेला उडतायत, काळे पक्षी उलट्या दिशेला. नीट बघितलं तर दोन काळ्या पक्ष्यांमधली रिकामी जागा म्हणजेच पांढरा पक्षी. हे चित्र तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आलं असेलच. त्याचं नाव 'डे अँड नाइट', साल 1938. आणि ते काढणारे मॉरिट्स कॉर्नेलिस एशर.

एशर यांचा जन्म 17 जून 1898 चा, नेदरलँड्समधल्या लेउवार्डनचा. वडील सिव्हिल इंजिनिअर. पोराचं मात्र शाळेत काही जमेना, गणितात तर नाहीच नाही. पुढे हार्लेमच्या कॉलेजात ते आर्किटेक्चर शिकायला गेले. तिथल्या सॅम्युएल येसुरुन दे मेस्किता या शिक्षकांनी त्यांची चित्रं पाहिली आणि आर्किटेक्चर सुटलं. लाकडी ठोकळा कोरून छापचित्रं काढायची, हे काम एशर यांनी आयुष्यभर केलं.

1922 मध्ये ते स्पेनला गेले. ग्रॅनाडाच्या अल्हाम्ब्रा महालातल्या भिंती बघून ते थक्क झाले. एकच आकार, ठरावीक अंतराने, पुन्हा पुन्हा, मध्ये फट नाही की एकावर एक चढलेलं नाही. पण त्यांना हे स्वतःला काही जमेना. मग लग्न झालं, रोममध्ये संसार थाटला आणि बरीच वर्षं ते इटलीतली गावं आणि डोंगरच काढत राहिले.

1935 मध्ये ते बदललं. मुसोलिनीच्या इटलीत त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला शाळेत फॅसिस्ट गणवेश घालायची सक्ती झाली. एशर यांनी थेट देशच सोडला. पण नव्या घराबाहेर, स्वित्झर्लंडच्या बर्फात, त्यांना काढावंसं काही दिसेना. 1936 मध्ये त्यांनी एका जहाज कंपनीशी सौदा केला: प्रवास फुकट, बदल्यात चित्रं. त्या प्रवासात ते पुन्हा अल्हाम्ब्राला पोहोचले आणि पत्नी येट्टासोबत भिंतींवरच्या नक्ष्या उतरवून घेतल्या.

यावेळी मदतीला आले सावत्र भाऊ. ते भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी स्फटिकांच्या रचनेवरचे शोधनिबंध सुचवले. त्यातली गणिती भाषा एशर यांना झेपली नाही, पण आकृत्या कळल्या. आकार पुन्हा काढायचे मार्ग मोजकेच आहेत: सरकवा, फिरवा, आरशासारखा उलटा किंवा उलटा करून सरकवा. एवढ्या नियमांवर एशर यांनी वह्याच्या वह्या भरल्या. अल्हाम्ब्रात भौमितिक आकार होते, यांनी त्या जागी सरडे, मासे, पक्षी बसवले.

पण नुसतं पुन्हा पुन्हा काढलं की डोळा कंटाळतो. लय येते ती ठरावीक ठेक्यात थोडा बदल झाला की. 'मेटामॉर्फोसिस 2' हे त्यांचं चित्र जवळपास 4 मीटर लांब आहे. त्यात चौकोनांचे सरडे होतात, षटकोनांतून मधमाश्या निघतात, पुढे मासे, पक्षी, आणि शेवटी पुन्हा चौकोन. प्रत्येक पायरीवर बदल इतका कमी की ठेका तुटत नाही.

हे चित्र पूर्ण झालं 1940 मध्ये. त्याच वर्षी जर्मनीने नेदरलँड्स काबीज केलं. त्यांचे शिक्षक मेस्किता ज्यू होते. 1944 मध्ये नाझींनी त्यांना कुटुंबासह उचललं. मेस्किता आणि त्यांच्या पत्नीला आउशवित्झमध्ये मारण्यात आलं, मुलगाही छळछावणीतच गेला. एशर त्यांच्या घरी पोहोचले तेव्हा घर विस्कटलेलं होतं आणि चित्रं जमिनीवर पडली होती. त्यांनी ती गोळा केली. त्यातल्या एकावर बुटाचा ठसा होता. ते चित्र त्यांनी शेवटपर्यंत जपलं.

1954 मध्ये ॲमस्टरडॅमला जगभरचे गणितज्ञ जमले, तेव्हा एशर यांचं प्रदर्शन भरलं. ज्या विषयाने शाळेत छळलं, त्याच विषयाचे लोक आता त्यांचे चाहते झाले. 27 मार्च 1972 रोजी एशर गेले.

आज मोबाईलचा वॉलपेपर असो की कुर्त्याचं प्रिंट, डिझायनर हाच प्रश्न सोडवत असतो: किती वेळा तेच ठेवायचं आणि कुठे बदलायचं. 'डे अँड नाइट' पुन्हा समोर आलं, तर पक्षी नंतर बघा. आधी खालची शेतं बघा. चौकोनी शेतांचे पक्षी नेमके कुठे झाले, ते बोट ठेवून सांगता येतं का, बघा.