गेममध्ये माऊसचा बाण गायब होतो, पण माऊस आणणाऱ्या माणसाच्या हाती काय लागलं?

काउंटर-स्ट्राइक खेळताना एक गोष्ट लक्षात आलीये का? मॅच सुरू झाली की स्क्रीनवरचा माऊसचा बाण दिसेनासा होतो. तरी माऊस सरकवला की समोरचं दृश्य फिरतंच.

कारण साधं आहे. बाण स्क्रीनच्या कडेला गेला की अडतो. मग खेळाडूला पुढे वळता आलं नसतं. म्हणून प्रोग्रामर बाण लपवतात, त्याला एका जागी बांधून ठेवतात आणि हात कुठे, किती सरकला तेवढंच मोजतात.

हाताची हालचाल मोजणाऱ्या माऊसची आयडिया डग्लस एंगेलबर्ट यांची.

त्यांचा जन्म ३० जानेवारी १९२५ चा, अमेरिकेतल्या पोर्टलँडचा. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात रडार टेक्निशियन होते. रडारच्या पडद्यासारखाच कम्प्युटरचाही पडदा असावा आणि माणसाने समोर बसून त्याच्याशी काम करावं, हे त्यांच्या डोक्यात पुढे पक्कं बसलं. तेव्हा कम्प्युटरला काम सांगायचं, तर पंच कार्डांचे गठ्ठे लागायचे.

१९६४ मध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी पहिला माऊस बनवला. लाकडी ठोकळा, वर एक बटण, खाली काटकोनात दोन चाकं. एक चाक आडवी हालचाल मोजायचं, दुसरं उभी. आजचे गेमही आडवं किती आणि उभं किती, हेच दोन आकडे वाचतात.

९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत एंगेलबर्ट यांनी सुमारे हजार लोकांसमोर ९० मिनिटांचा डेमो दिला. माऊस, क्लिक करायच्या लिंक, व्हिडिओ कॉल, सगळं एकाच वेळी. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

१९७० मध्ये पेटंट मिळालं, पण हक्क संस्थेकडे गेले. १९८७ मध्ये मुदत संपली आणि माऊस घराघरात पोचला तो त्यानंतर. एंगेलबर्ट यांना रॉयल्टी मिळालीच नाही. १९९७ मध्ये मानाचा ट्युरिंग पुरस्कार मात्र मिळाला. २ जुलै २०१३ ला, ८८ व्या वर्षी ते गेले.

त्यांच्यासाठी माऊस ही छोटी गोष्ट होती. कम्प्युटरने माणसाची ताकद वाढवावी, हा मूळ हट्ट. आज ब्राउझरमधला गेमही तुम्ही क्लिक केल्याशिवाय बाण ताब्यात घेऊ शकत नाही आणि एस्केप दाबलं की त्याला तो सोडावाच लागतो. म्हणजे शेवटचा शब्द अजूनही खेळणाऱ्याचाच.