कर्मवीरांची जमाखर्चाची वही

आमच्या गल्लीतील मोफत वाचनालयाचा हिशेब गेली दोन वर्षे माझ्याकडे आहे. मी कॉमर्सला आहे, एवढ्याच पात्रतेवर मंडळाने वही माझ्या हाती दिली. गतवर्षी बाजार मंदावला आणि निम्म्याहून अधिक खर्च एकटे उचलणाऱ्या एका व्यापाऱ्यांनी हात आखडता घेतला. दोन महिन्यांत वर्तमानपत्रे बंद झाली, पेपरवाल्याची बाकी तेवढी राहिली. त्याच दिवसांत कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र पुन्हा हाती आले. शाळेत असताना त्यांच्यावर निबंध लिहिला होता. पण तेव्हा पांढरी दाढी आणि हातातील काठी एवढेच लक्षात राहिले. या वेळी मी ते चरित्र जमाखर्चाच्या नजरेने वाचले.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी हातकणंगले तालुक्यातील कुंभोज येथे झाला. हे जैन घराणे मूळचे दक्षिण कन्नड भागातील मूडबिद्रीचे. म्हणजे आपल्या अंकाच्या मराठी विभागाइतकाच कन्नड विभागाचाही त्यांच्यावर हक्क पोहोचतो! शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेल्यावरून त्यांना ते बोर्डिंग सोडावे लागले. मॅट्रिकची परीक्षा काही पदरी पडली नाही. पुढे साताऱ्यास शिकवण्या केल्या, ओगल्यांचा काचमाल आणि किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले. आमच्या निबंधात हा भाग दोन ओळींत उरकलेला असे. मला मात्र आता तोच मोलाचा वाटतो. कोणत्या गावात कोणाचा शब्द चालतो, सुगी केव्हा होते, शेतकऱ्याच्या हाती पैसा कोणत्या महिन्यात खुळखुळतो, हे नांगर विकणाऱ्याला कळल्यावाचून राहत नाही. हाच माणूस पुढे त्याच दारांत शाळेसाठी झोळी घेऊन उभा राहिला.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यास हलले आणि तेथे सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. एका पंगतीत सगळे जेवणार म्हटल्यावर काही खिसे आपोआप बंद होणार, हे उघड होते. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले.

नंतर जागतिक मंदी आली. १९२९ नंतरच्या तीन-चार वर्षांत शेतमालाचे भाव जवळपास निम्म्यावर आले. रयतेची संस्था रयतेवरच अवलंबून. तेव्हा तिची काय अवस्था झाली असेल, हे सांगायला अर्थशास्त्र नको. अडचणीच्या वेळी मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिले. १९३० साली त्या वारल्या. ही कथा सांगताना आमच्या गुरुजींचा कंठ दाटून येई. माझ्याही मनाला ती लागली; पण वहीवर बसल्यावर एक प्रश्न सुटेना. मंगळसूत्र एकदाच विकता येते. मग पुढच्या महिन्याचे धान्य कोठून आले?

त्याचे उत्तर घामात आहे. वसतिगृहातील मुले स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतः करीत. पैशाची देणगी आटली तरी गावकऱ्याकडून मूठभर धान्य मिळे, कारण भाव पडले तरी घरात ज्वारी असतेच. गावोगावच्या व्हॉलंटरी शाळा देवळात, धर्मशाळेत, मिळेल त्या जागेत भरत. इमारत नाही म्हणजे भाडे नाही. शिक्षक घडवण्यासाठी १९३५ साली संस्थेने स्वतःचे ट्रेनिंग कॉलेज काढले. १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव विद्यालय सुरू झाले आणि कमवा व शिका ही पद्धत तेथे रुजली. आमच्या पुस्तकात स्थिर खर्च आणि बदलता खर्च असे दोन रकाने असतात. भाऊरावांनी पहिला रकाना होता होईल तो रिकामा ठेवला.

सगळ्यांत मोठा फटका मात्र मंदीने दिला नाही. १९४८ साली, गांधीजींच्या हत्येनंतरच्या तापलेल्या वातावरणात, भाऊरावांच्या भाषणांवरून मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघून जेमतेम वर्ष होत होते. एकच मोठा दाता आणि त्यानेच पाठ फिरवली! मी येथे पुस्तक मिटवून थोडा वेळ बसलो. भाऊराव पुन्हा लोकांत गेले, वर्गणी गोळा करू लागले. शेवटी गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे रदबदली केली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्पही याच सुमाराचा. हिशेबनीस म्हणून मी त्याला नक्कीच विरोध केला असता.

तसेच, भरघोस देणगी देतो पण कॉलेजला माझे नाव द्या, असे म्हणणाऱ्या धनिकाला त्यांनी साफ नकार दिल्याची हकीकत सांगतात. हातात पैसा नसताना असा नकार देणे मला अजूनही थोडे अव्यवहारी वाटते. आमच्या मंडळात या मुद्द्यावर बराच वाद झाला, तो मिटलेला नाही.

१९५९ च्या एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने मॅट्रिकही न झालेल्या या माणसाला डी. लिट. दिली. ९ मे १९५९ रोजी ते गेले. संस्थेचा कारभार आजही साताऱ्याहूनच चालतो.

वाचनालयापुरते सांगायचे तर मोठ्या देणगीदारांची यादी मी वहीच्या मागच्या पानावर नेली आहे. आता तीन गल्ल्यांतून दरमहा घरटी दहा रुपये जमा करतो. झाडलोट आणि पुस्तकांची बांधणी आम्हीच करतो. एक कन्नड व दोन मराठी वर्तमानपत्रे पुन्हा येऊ लागली आहेत. पेपरवाल्याची दोन महिन्यांची बाकी अजून फिटायची आहे.