सर्वांना लागू ते सत्य

मंडळी, गेल्या थँक्सगिव्हिंगला लेकानं लग्न ठरवल्याचं सांगितलं. मुलगी गोड, पण ख्रिश्चन. मी लगेच अट घातली, लग्नानंतर तिनं आपलंच सगळं पाळायचं. तो म्हणाला, प्रत्येकाचं सत्य वेगळं असतं, आई. मी गप्प बसले, पण पटलं नाही. प्रत्येकाचं वेगळं, तर घर उभं कशावर राहायचं?

बेसमेंटमधल्या खोक्यातून महात्मा फुल्यांचं चरित्र काढलं. शाळेत चार मार्कांसाठी पाठ केलेला माणूस नव्यानं भेटला. जन्म १८२७ चा. १८४८ साली त्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंना स्वतः शिकवून शिक्षिका केलं. लोकांच्या रोषाला भिऊन वडिलांनी दोघांना घराबाहेर काढलं. बाईनं शिकू नये, अस्पृश्यानं हौदाला शिवू नये, हे तेव्हा बहुतेकांना मान्यच होतं! पण बहुतेकांनी मानलं म्हणून ते खरं ठरत नाही, हे जोतीरावांनी ओळखलं. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला.

१८८८ मध्ये पक्षाघातानं उजवा हात निकामी झाला. मग डाव्या हातानं त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिलं. १८९० मध्ये ते गेले. पुस्तक १८९१ मध्ये छापून आलं. त्यात ते विचारतात, पुरुषाला दोन-तीन बायका चालतात, तर बाईनं दोन-तीन नवरे केलेले त्याला चालतील का? मला समजलं ते असं, की जागा बदलून पाहिल्यावरही टिकतं ते सत्य; बाकी सगळी आपली सोय.

त्याच पुस्तकात एक घर आहे. बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. कोणी कोणाचा द्वेष करायचा नाही, सगळ्यांनी प्रेमानं राहायचं. धर्म चार, पण वागण्याचा नियम एकच.

मग मीही जागा बदलून पाहिली. माझी मुलगी त्यांच्या घरी गेली असती आणि तिला देवघर सोडायला लावलं असतं, तर मला चाललं असतं? छे! म्हणजे लेकाचं पुरतं बरोबर नव्हतं, पण माझी अट तर साफच चूक होती. मी ती मागे घेतली.

यंदा लक्ष्मीपूजनाला सूनबाई घरात आहे. डिसेंबरात तिचं ख्रिसमसचं झाड आमच्या हॉलमध्ये लागेल. जागा मीच मोकळी करून ठेवली आहे.

सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा!