नायगमवालांची वेधशाळा आणि आपण

हिवाळ्यातील निरभ्र रात्री शिरूर तालुक्यातील निमोण्यासारख्या गावी अंगणात उभे राहिले, तर मृग नक्षत्रातील बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक अंधुक ठिपका दिसतो. तो तारा नव्हे, तेजोमेघ आहे. त्याच्या प्रकाशाचे पृथक्करण पुण्यातील एका प्राध्यापकाने एकोणिसाव्या शतकातच केले होते, याची जाणीव आज किती जणांना आहे?

त्या प्राध्यापकांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. जन्म १८५७ चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात ते शिकले आणि तेथेच शिकवू लागले. वर्णपटशास्त्राच्या कामासाठी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी त्यांना ५,००० रुपये दिले व मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. त्यातून १८८८ मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात वेधशाळा उभी राहिली. तिची २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती.

मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा आहे. ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड असावी, असे नॉर्मन लॉकियर यांच्यासारख्या मातब्बर शास्त्रज्ञाचे मत होते. कड असती, तर ती एका बाजूला पसरट दिसती. नायगमवालांना मात्र ती प्रत्येक वेळी बारीक व रेखीवच दिसली, आणि १८९१ मध्ये त्यांनी तसे निःसंकोच प्रसिद्ध केले. ही रेषा अतिविरळ वायूतील ऑक्सिजनची आहे, हे बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखविले. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणात दौंड-सोलापूर लोहमार्गावरील जेऊर येथे नायगमवालांनी तळ ठोकून सूर्याचे वर्णपट घेतले.

१९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही. उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. १९३८ मध्ये नायगमवाला निवर्तले.

मृगातील तो मेघ ताऱ्यांची जन्मभूमी. स्फोट होऊन संपलेल्या ताऱ्यांचे अवशेष ही निराळी वस्तू. पण त्यांची ओळख पटविण्याची रीत तीच. हे अवशेष कोट्यवधी अंश तापलेले असल्याने क्ष-किरण फेकतात. ते किरण वातावरण अडविते, म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. १९९९ मध्ये सोडलेल्या ‘चंद्रा’ दुर्बिणीने शर्मिष्ठेतील अशा अवशेषात सिलिकॉन, गंधक व लोह यांचे पुंजके कोठे विखुरले आहेत, हे दाखविले. आपल्या कोयत्या-नांगरातील लोखंडही अशाच स्फोटांतून आले आहे. २०१५ मध्ये भारताने सोडलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ या उपग्रहाच्या उपकरणांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा व पुण्याच्या ‘आयुका’चा हातभार लागला.

‘आयुका’ची स्थापना १९८८ ची, म्हणजे नायगमवालांच्या वेधशाळेनंतर बरोबर १०० वर्षांनी. मधल्या काळात पुण्याने काय गमावले, याचा हिशेब कोण मांडणार? देणगीतून दुर्बीण येते, एका माणसाच्या तळमळीतून काम सुरू होते. परंतु ते पुढे चालविणारी माणसे तयार केली नाहीत, तर त्याच्या निवृत्तीबरोबर घुमटालाही कुलूप लागते. खेड्यातील शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकाने एका रात्री मुलांना मृगातील तो ठिपका दाखवावा. नायगमवालांचे त्याहून उचित स्मारक ते कोणते?