दहा वर्षांचा वायदा

ऐन तिशीत ज्या परदेशी गावात शिकायला होतो, तिथे मी अलीकडेच पुन्हा जाऊन आलो. जुन्या चार मित्रांपैकी दोघेच भेटले. गप्पा झाल्या, जेवणे झाली. पण त्यांच्यासमोर बसल्यावर मनात एक अवघडलेपण होते. मधल्या वर्षांत मी काय केले, हे कधीतरी विचारले जाणार होते. परत आल्यावर पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा हातात घेतले, ते या अवघडलेपणामुळेच. कारण रमाबाईही एका परदेशात दोनदा गेल्या होत्या, आणि दुसऱ्यांदा जाताना त्यांच्या डोक्यावर माझ्यापेक्षा कितीतरी मोठा हिशेब होता.

पहिल्यांदा त्या अमेरिकेत पोचल्या १८८६ मध्ये. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी त्यांना इंग्लंडहून आग्रहाने बोलावून घेतले. ११ मार्चला आनंदीबाई डॉक्टर झाल्या; आणि त्या समारंभासाठी आलेल्या रमाबाई पुढे अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. आई-वडील दुष्काळात गेलेले, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत वैधव्य आलेले, पदरी एक लहान मुलगी आणि नुकताच स्वीकारलेला ख्रिस्ती धर्म, असे सारे घेऊन ही तिशीच्या आतली बाई गावोगाव व्याख्याने देत फिरली. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक आले. त्याला प्रस्तावना बॉडलीबाईंचीच होती.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. अध्यक्ष होते एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन धर्मोपदेशक. ठिकठिकाणी मंडळे निघाली. सभासदाने वर्षाला एक डॉलर द्यायचा, आणि तो दहा वर्षे द्यायचा. अट एकच : हिंदू विधवांसाठी निघणाऱ्या शाळेत धर्मप्रसार होता कामा नये.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईला शारदा सदन उघडले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई; धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाल्यावर त्याच बाया कर्वे झाल्या. पुढे सदन पुण्याला आले, आणि १८९३ मध्ये वादळ उठले. मुली ख्रिस्ती होऊ लागल्याचा बोभाटा झाला, 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पुण्यातले मित्र दुरावले, पण बॉस्टनचे दुरावले नाहीत.

तरीही दहा वर्षांची मुदत संपत आलीच. रमाबाईंना याची जाणीव आधीपासून होती. अमेरिकेची मदत थांबली तर सदन स्वतःच्या पायावर उभे राहावे, म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेऊन फळबाग लावली होती. पण १८९६-९७ च्या दुष्काळाने सगळे गणित बदलले. मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो अनाथ मुली आणि विधवा आणल्या. केडगावच्या त्या जमिनीवर मुक्तीची वस्ती उभी राहिली. हे काम मात्र उघडपणे ख्रिस्ती होते.

अशा स्थितीत १८९८ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेत गेल्या. बॉडलीबाई तर शारदा सदन उघडण्यापूर्वीच, १८८८ च्या जूनमध्ये गेल्या होत्या. डॉक्टर आनंदीबाई जाऊन अकरा वर्षे झाली होती. मद्यपानबंदीच्या चळवळीतली त्यांची मैत्रीण फ्रान्सिस विलर्ड हिचेही त्याच वर्षी फेब्रुवारीत निधन झाले. पहिल्या भेटीतली किती दारे बंद झाली होती, याची कल्पना मला आता येते.

उरलेल्या स्नेह्यांसमोर त्यांना हिशेब मांडायचा होता. त्यांच्यापैकी अनेकांनी पैसे दिले होते ते धर्मनिरपेक्ष शाळेसाठी, आणि पैसे मागून नेलेली बाई आता श्रद्धेच्या दुसऱ्याच टोकाला पोचली होती. पण शाळा खरोखर निघाली होती, चालली होती, तिथे शिकलेल्या मुली स्वतःच्या पायावर उभ्या होत्या. वायदा दोन्ही बाजूंनी पाळला गेला होता. जुने असोसिएशन विसर्जित झाले आणि अमेरिकन रमाबाई असोसिएशन या नावाने नवे उभे राहिले. या खेपेला मुदत घातलेली नव्हती.

मला या घटनेतले मोल त्या पैशापेक्षा या न घातलेल्या मुदतीत वाटते. पुण्यातल्या सुधारकांची बाजू मी चुकीची मानत नाही. ज्यांच्या मुली होत्या, त्यांना उत्तर द्यायचे ते त्यांनाच होते. बॉस्टनकरांना दुरून उदार होणे सोपे होते, असेही कुणी म्हणेल. पण दहा वर्षांनी, वचनातून मोकळे व्हायची उत्तम सबब हाताशी असताना, त्यांनी ती वापरली नाही, एवढे खरे.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई केडगावलाच गेल्या. पुण्याहून सोलापूरच्या गाडीने जाताना ते स्टेशन लागते. परवा गाडी तिथून जात असताना मी खिडकीशी बसलो होतो. घरी आल्यावर त्या दोन मित्रांना पत्र लिहिले. भेटीत जे सांगायचे राहून गेले होते, ते सगळे त्यात लिहिले.