समजून घ्या : सौम्य आम्लाच्या समीकरणात दोन बाण का असतात? जेमतेम पास झालेल्या एका प्रबंधाची गोष्ट

व्हिनेगर आपण नूडल्सवर बिनधास्त ओततो. हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या बाटलीला मात्र जपून हात लावतो. दोन्ही आम्लंच, मग फरक कुठे? बारावीच्या पुस्तकात त्याचं उत्तर एका चिन्हात आहे: उलटसुलट दोन बाण. त्यामागे आहे स्वीडनचा स्वान्ते अऱ्हेनियस.

कोण होता अऱ्हेनियस?

जन्म 19 फेब्रुवारी 1859, उप्साला शहराजवळ. वडील जमिनीची मोजणी करणारे. त्यांच्या हिशेबाच्या वह्या बघत पोरगा लहानपणीच आकडेमोड शिकला. पुढे उप्सालातल्या शिक्षणावर समाधान होईना, म्हणून तो स्टॉकहोमला गेला. तिथे क्षार, आम्लं पाण्यात विरघळवून त्यातून वीज किती वाहते, हे तो मोजत बसला.

1884 मध्ये त्याने उप्साला विद्यापीठात प्रबंध दिला. परीक्षकांना तो पटला नाही. खालची श्रेणी मिळाली आणि प्राध्यापकीची वाट जवळपास बंद झाली.

त्याने प्रबंधाच्या प्रती परदेशी शास्त्रज्ञांना धाडल्या. रिगाचे विल्हेल्म ओस्टवाल्ड आम्लांची ताकद वेगळ्या पद्धतीने मोजत होते. त्यांचे आकडे अऱ्हेनियसच्या आकड्यांशी जुळले! ते थेट उप्सालाला आले आणि त्याला रिगात काम देऊ केलं. मग उप्सालालाही जाग आली. त्याच वर्षी तिथेच त्याला शिकवायची संधी मिळाली.

मग दोन बाण कशासाठी?

1887 मध्ये त्याने सिद्धांत स्पष्ट मांडला: विरघळलेले रेणू पाण्यात आपोआप फुटून विद्युतभारित आयन होतात, वीज जोडायची गरज नाही. आक्षेप आला की सोडियम तर पाण्यात पेट घेतो, मग मिठाच्या पाण्यात तो सुटा कसा राहील? उत्तर असं की भार असलेला आयन आणि मूळ धातू यांचे गुण वेगळे.

हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात जवळपास पूर्ण फुटतं, म्हणून एक बाण. व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल मात्र 0.1 मोलर द्रावणात शंभरात साधारण एक रेणू इतकंच फुटतं. फुटलेले आयन पुन्हा जुळतात, नवे रेणू फुटतात. दोन्ही क्रिया सारख्या वेगाने चालू राहतात:

ॲसिटिक आम्ल ⇌ ॲसिटेट आयन + हायड्रोजन आयन

1903 मध्ये याच सिद्धांतासाठी त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नोबेल मिळवणारा तो पहिला स्वीडिश. (कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल, हे गणितही त्याने 1896 मध्येच केलं होतं. तो वेगळ्या लेखाचा विषय.)

पण पाणी कुठे गेलं?

वरच्या समीकरणात पाणी नाहीच. सुटा हायड्रोजन आयन म्हणजे नुसता प्रोटॉन. पाण्यात तो एकटा राहत नाही. 1923 मध्ये डेन्मार्कचे ब्रॉन्स्टेड आणि इंग्लंडचे लॉरी यांनी स्वतंत्रपणे आम्लाची नवी व्याख्या केली: प्रोटॉन देणारं ते आम्ल. इथे तो घेणारं पाणी:

ॲसिटिक आम्ल + पाणी ⇌ ॲसिटेट आयन + हायड्रोनियम आयन

बाण तेच राहिले. अऱ्हेनियस तेव्हा हयात होता. 2 ऑक्टोबर 1927 रोजी स्टॉकहोममध्ये त्याचं निधन झालं.